अर्धा समुद्र

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात सरळ आकडा सांगण्याची रीत नाही. बंदराला लागलेल्या बोटीवरच्या माणसाला "काय, किती मिळाली?" असं विचारलं, तर तो आधी आभाळाकडे बघतो, मग विचारणाऱ्याकडे, आणि म्हणतो, "आहे आपली, डिझेलापुरती." मग ती डिझेलापुरती मासळी उतरवता उतरवता दिवस कलतो. ज्या दिवशी खरोखरच काही मिळालेलं नसतं, त्या दिवशी तोच माणूस "बरी आहे" म्हणत पुढे सरकतो. कुठे मिळाली हे तर विचारूच नये. "तिकडे" म्हणताना हाताचा जो झोका येतो, त्यात जयगडपासून पूर्णगडापर्यंतचा सगळा समुद्र मावतो. यात लबाडी आहे असं मला कधी वाटलं नाही. ज्याची तिजोरी पाण्याखाली आहे आणि तिला दारच नाही, त्यानं किल्लीबद्दल जरा मोघम बोललेलंच बरं. लिलावातही तोच प्रकार. ढिगाभोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या मनात एक आकडा असतो, आणि तो तोंडावर येऊ न देण्याचं शिक्षण त्याला बापानं दिलेलं असतं. भाव तोंडानं बोलले जातात, पण खरी बोलणी भुवयांची. एखादी भुवई जरा लवकर वर गेली की तिच्या मालकाला त्या दिवशी सौंदाळा महाग पडतो.

अशा या गावात गेल्या पावसाळ्यात एक यंत्र दर वेळी खरं बोलायला लागलं, म्हणून ही हकिगत.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. बोटी शाकारून ठेवलेल्या, जाळी ओट्यांवर पसरलेली, भगवतीच्या डोंगरावरून उतरणारा पाऊस थेट पत्र्यांवर, आणि गावातली एरवी न दिसणारी सगळी पुरुषमंडळी एकदम घरात. या दिवसांत मिरकरवाड्याला वेळ या वस्तूचं काय करायचं ते कळत नाही. आमच्या शेजारचा नववीतला मुलगा या अशा वेळेतच पायथॉन ही संगणकाची भाषा शिकायला बसला. साधन म्हणजे एका कोपऱ्यातून तडा गेलेला फोन, त्यावर एक ॲप आणि शाळेतल्या एका मित्राकडून आलेले धडे. धड्यांत पहिला खेळ होता आकडा ओळखण्याचा. यंत्र 1 ते 100 मधला एक आकडा मनात धरतं, आपण ओळखायचा. चुकलो तर ते "कमी आहे" किंवा "जास्त आहे" एवढंच सांगतं, बरोबर आलं की शाबासकी देतं. प्रोग्राम लिहायला शिकणाऱ्या माणसांच्या किती पिढ्या या उंबऱ्यावरून आत गेल्या आहेत कोण जाणे. डार्टमथ कॉलेजातल्या जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी सामान्य विद्यार्थ्यालाही यंत्राशी बोलता यावं म्हणून बेसिक ही भाषा तयार केली आणि ती पहिल्यांदा चालली 1 मे 1964 रोजी, पहाटे चार वाजता. महाराष्ट्र तेव्हा नेमका चार वर्षांचा झाला होता. पहाटे चारला जागी असणारी माणसं मिरकरवाड्याला फार आपली वाटतात, म्हणून ही वेळ सांगितली. पुढे 1973 मध्ये डेव्हिड आल यांनी बेसिकमधल्या एकशेएक खेळांचं पुस्तक काढलं, त्यातही हा आकडे ओळखण्याचा खेळ आहेच.

आपल्याकडे या खेळाला यंत्र लागत नसे. मनात एक आकडा धर, त्याची दुप्पट कर, दहा मिळव, निम्मे कर, पहिला आकडा वजा कर. आले ना पाच? मे महिन्यात मुंबईहून आलेला एखादा मामेभाऊ हे असं काही सांगायचा आणि आम्ही त्याच्याकडे मांत्रिकाकडे पाहावं तसं पाहायचो. डहाणूला जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेले द. रा. कापरेकर यांनी तर या जातीचा सगळ्यात देखणा चमत्कार शोधून काढला. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडून वजाबाकी करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. फार तर सात पावलांत 6174 समोर उभा. पण या खेळांत समोरच्याच्या मनातला आकडा खरं तर कुणाला ओळखायचाच नसतो. वाट अशी आखलेली असते की कुठूनही निघा, पोचायचं एकाच ठिकाणी. खरं ओळखणं असायचं ते एकी-बेकीत. मुठीत चिंचोके, समोर बहीण, आणि तिनं "बेकी" म्हणताक्षणी करंगळीच्या फटीतून एक चिंचोका गुपचूप परकरात. फोनवरच्या यंत्राला करंगळी नाही. धरलेला आकडा ते शेवटपर्यंत तसाच धरून ठेवतं, आणि हरलं तरी हरल्याचं स्वतःच जाहीर करतं. खेळात इतकं सरळ वागणारं मी तरी लहानपणी कुणी पाहिलं नव्हतं.

यंत्र आकडा कसा निवडतं, हा प्रश्न मुलाला पडायच्या आधी मला पडला होता, कारण त्याची एक जुनी आठवण माझ्यापाशी आहे. नव्वदच्या दशकात रत्नागिरीत संगणकाचे वर्ग निघाले, तेव्हा चपला बाहेर काढून आत जावं लागे. आत थंडगार हवा, मखमली आच्छादनं, आणि मॉनिटरवर क्यूबेसिकचा गडद निळा पडदा. तिथेही पहिला खेळ हाच. त्या वर्गात एक शिपाई होते. यंत्रांवरची आच्छादनं काढणं, घालणं आणि झाडलोट एवढंच त्यांचं काम. नव्या तुकडीतला कुणी पोरगा पहिल्यांदा हा खेळ लिहून घाम पुसत बसला, की हे पाठीमागून येत आणि हळूच म्हणत, "एकाहत्तर टाका." पोरगा टाकी. बरोबर! पुढचा डाव? "चोपन्न." बरोबर. "अठ्ठावन्न." तेही बरोबर. पोराच्या तोंडाचा आ वासलेला असतानाच हे केरसुणी घेऊन पुढच्या रांगेत गेलेले असत. त्यातलं इंगित असं की यंत्राला यदृच्छा म्हणजे काय ते ठाऊक नसतं. ते एका सूत्रानं आकड्यांची एक लांबलचक मिरवणूक काढतं, आणि कुठून सुरुवात करायची हे सांगितलं नाही तर ती मिरवणूक दर वेळी त्याच दारातून निघते. क्यूबेसिकची निघायची ती 71, 54, 58, 29 अशी. घड्याळाकडे बघून सुरुवात कर असं सांगणारी 'रँडमाइझ टायमर' ही एक ओळ वर लिहिली की जादू संपली. शिकवणाऱ्या सरांना ती ओळ ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. तरीही अभ्यासक्रम संपत येईपर्यंत ती फळ्यावर येत नसे, आणि ती आली त्या दिवशी शिपाई रजेवर असत. आता पायथॉनची मिरवणूक ज्या सूत्रानं निघते ते मात्सुमोतो आणि निशिमुरा या दोन जपानी गणितज्ञांचं आहे. ती पुन्हा पहिल्या दारापाशी यायला जेवढे आकडे मागे पडावे लागतात, त्यांची नुसती संख्याच 6,002 अंकी आहे. शिवाय निघायचं दार दर वेळी ती आपणच बदलते. त्या शिपायांना या नव्या काळात काही वाव उरला नसता, आणि मला त्याचं जरा वाईटच वाटतं.

मुलगा ओटीवर पोटावर पडून प्रोग्राम लिहीत असे. प्रोग्राम म्हणजे जेमतेम डझनभर ओळी. आकडे साठवायच्या जागांना त्यानं 'आकडा' आणि 'अंदाज' अशी सरळ मराठी नावं दिली होती, कारण पायथॉनला देवनागरी नावं चालतात हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. 'प्रिंट', 'इफ', 'व्हाईल' ही मंडळी तेवढी रोमन लिपीत, कोट घालून आलेल्या पाहुण्यांसारखी मधे मधे बसलेली. पहिल्यांदा चालवला तेव्हा पडद्यावर लाल अक्षरांचा लोंढा आला. खाली 'टाइपएरर'. आपण पन्नास लिहिलं की यंत्राला वाटतं पाच आणि शून्य अशी दोन अक्षरं आली. ती अक्षरं म्हणजे संख्या आहे हे त्याला 'इंट' असं म्हणून वेगळं सांगावं लागतं, आणि अक्षर मोठं की संख्या मोठी असल्या तुलनेला पायथॉन साफ नकार देतं. मुलाचे आबा भिंतीला टेकून बसले होते. उभं आयुष्य तांडेल म्हणून काढलेला माणूस. आता डोळ्यांना मोतीबिंदू आणि हातांना रिकामपण. "एवढं लाल झालं," ते म्हणाले, "रागावलं काय रे?" मुलगा म्हणाला, "नाही आबा, त्याला समजलं नाही." "मग समजलं नाही असं सांगावं. लाल कशाला व्हायचं?"

समजल्यावर मात्र यंत्र चांगलं वागलं. मुलानं पहिल्यांदा पन्नास टाकले, मग पंचाहत्तर, मग बासष्ट, आणि सहाव्या-सातव्या फेरीला आकडा हातात. दर वेळी उरलेल्याचे दोन भाग करायचे आणि नको तो टाकून द्यायचा, एवढीच युक्ती. सात वेळा दुप्पट केलं की 128 होतात, म्हणून शंभरातला कुठलाही आकडा सात अंदाजांत सापडलाच पाहिजे. या हिशेबानं 2011च्या जनगणनेतल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या 16 लाखांवर माणसांतलं नेमकं एक माणूस हुडकायला हो-नाहीचे फक्त एकवीस प्रश्न पुरतील. अर्थात प्रत्यक्षात रत्नागिरीत दोनच लागतात: "तुम्ही मूळचे कुठले?" आणि "म्हणजे त्यांचे कोण?"

मग आबांनी फोन मागितला. फोनवर कळफलक मराठी होता, त्यामुळे त्यांनी उमटवले ते देवनागरी अंक. मुलगा "आबा, तसं नाही चालत" म्हणेपर्यंत त्यांचं बोट पडलं होतं, आणि यंत्रानं तो देवनागरी १२ निमूटपणे बारा म्हणून वाचून सांगितलं, "कमी आहे." पायथॉनला देवनागरी अंक वाचता येतात ही गोष्ट मुलाला, मला आणि बहुधा बऱ्याच इंजिनियरांनाही नवी होती. आबांना तिचं काहीच वाटलं नाही. त्यांनी वीस टाकले. कमी. पंचवीस. कमी. तीस. मुलाला ते बघवेना. "आबा, पन्नास टाका ना, म्हणजे अर्धे एकदम जातील."

"कुठे जातील?"

"म्हणजे सोडून द्यायचे."

आबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "कोणीतरी एक शब्द बोललं म्हणून अर्धा समुद्र सोडून द्यायचा?"

आणि ते पस्तिसावर गेले. मला त्यांची रीत कळली. ते किनाऱ्यापासून निघाले होते आणि पाणी वावांनी मोजत पुढे सरकत होते. बारा वाव, वीस वाव, पंचवीस. जो माणूस खोली दोरीनं मोजत मोजत पुढे गेला आहे तो एकदम पन्नास वावांवर उडी मारत नाही. हिशेबाशी त्यांचं वाकडं होतं असं मुळीच नाही. त्यांच्याकडे त्यांचा स्वतःचा एका ओळीचा प्रोग्राम होता, आणि तो पायथॉनच्या कितीतरी आधीचा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. या किनाऱ्यावर कोणी तिथी मोजतं, कोणी चांद मोजतं, एखाद्या दिवसाचा इकडे-तिकडे फरक पडतो आणि समुद्र तो चालवून घेतो. मुलानं हौसेनं तेही फोनमध्ये लिहिलं. यंत्रानं अष्टमीला 6.0 असं उत्तर दिलं. त्या दशांशचिन्हापुढच्या शून्याकडे आबा बराच वेळ बघत राहिले. समुद्र इतक्या वक्तशीरपणे येतो असा आरोप त्याच्यावर आजवर कुणी केला नव्हता.

दोन-चार डावांनंतर आबांनी फोन परत दिला. खेळ आवडला का म्हणून विचारलं तर म्हणाले, "चांगला आहे, पण दर वेळी खरंच सांगतो." तक्रार म्हणूनच म्हणाले ते. त्यावर मुलगा ज्या चपळाईनं उठून बसला, त्यावरून हा पोरगा पुढे कुठेही गेला तरी मिरकरवाड्याचाच राहणार हे माझ्या लक्षात आलं. त्यानं प्रोग्रामात तीन ओळी घातल्या. यंत्रानं मनातल्या मनात आणखी एक चिठ्ठी काढायची, आणि दहात एखाद वेळा उलटं सांगायचं. कमीला जास्त, जास्तीला कमी.

गणिताच्या जगात हे आधीच होऊन गेलं आहे, हे त्या बिचाऱ्याला कुठे माहीत असणार! हंगेरीच्या आल्फ्रेड रेन्यी यांनी 1961 च्या सुमाराला आणि पुढे स्टॅनिस्लाव उलाम यांनी 1976 च्या आपल्या आत्मचरित्रात हाच प्रश्न मांडला. दहा लाखांतला एक आकडा एकानं मनात धरला. दुसऱ्यानं हो-नाहीचे प्रश्न विचारून तो काढायचा. पण उत्तर देणाऱ्याला एकदा खोटं बोलायची मुभा आहे. सगळं खरं असेल तर वीस प्रश्न पुरतात. एक खोटं मिसळलं तर किती? याचं नेमकं उत्तर ऐंशीच्या दशकात निघालं: पंचवीस. म्हणजे एका थापेचा भाव पाच प्रश्न. लिलावाच्या मानानं मला तो स्वस्त वाटतो. उलाम हा माणूसही रिकामपणाची किंमत ओळखणारा होता. 1946 मध्ये आजारपणातून उठताना पत्त्यांचा पेशन्स लावत बसला असताना, हा डाव सुटण्याची शक्यता किती हे हिशेबानं काढण्यापेक्षा शंभर डाव लावूनच बघावेत, असा विचार त्याच्या मनात आला, आणि त्यातून पुढे माँटे कार्लो म्हणून ओळखली जाणारी, आज विज्ञानात सगळीकडे वापरली जाणारी पद्धत जन्मली. सक्तीच्या सुट्टीत माणसं काय काय करतात! आमच्या इथे बहुतेक जण जाळी विणतात आणि भजी खातात.

थापाड्या यंत्राशी पहिला डाव मुलानंच खेळला, आणि त्याचे हाल झाले. पन्नासला ते "जास्त आहे" म्हणालं. मुलानं शिरस्त्याप्रमाणे वरचे सगळे आकडे टाकून दिले आणि खाली शोधत बसला. पंचवीस, सदतीस, त्रेचाळीस, सेहेचाळीस, करत करत एकोणपन्नासही "कमी" निघाले. आता जायचं कुठे? आकडा होता त्या अर्ध्यात, जो त्यानं एका शब्दावर सोडून दिला होता. आबांचं तसं काही झालं नाही. ते आपले किनाऱ्यापासून निघाले, पाचा-दहाच्या पावलांनी, आणि कुठे काही वेगळं वाटलं की तोच आकडा पुन्हा विचारायचा. एकच माणूस दोनदा विचारल्यावर दोन गोष्टी सांगू लागला, की तिसऱ्यांदा विचारायचा. वेळ लागला. मधे चहा झाला, एक सर येऊन गेली. पण आकडा मिळाला. "आता बरा वाटतो," आबा म्हणाले, "आता माणसाशी बोलल्यासारखं वाटतं." निम्मे निम्मे करण्याची युक्ती शाळेत शिकवतात, ती उत्तमच आहे, पण तिला सभ्य शेजार लागतो, असं माझं तेव्हापासूनचं मत.

जुलै संपत आला तेव्हा मुलानं शेवटचा प्रकार काढला. आता आकडा आबांनी मनात धरायचा आणि यंत्रानं ओळखायचा. यंत्राला निम्म्याची युक्ती दिलेली होतीच. त्यानं विचारलं, "50?" आबांनी 'मोठा' दाबलं. "75?" लहान. "62?" लहान. "56?" लहान. "53?" लहान. "51?" मुलगा पुढे वाकला. आता आबांच्या मनात एकावन्न किंवा बावन्न यांपैकीच काहीतरी असणार होतं. आबांनी शांतपणे 'लहान' दाबलं.

त्यावर यंत्रानं विचारलं, "50?"

लहान.

"50?"

लहान.

"50?" पन्नासाहून मोठा पण एकावन्नाहून लहान असा आकडा त्याच्या जगात नव्हता. वरची मर्यादा खालच्या मर्यादेच्याही खाली गेलेली, आणि या दोन उलट्यापालट्या टोकांच्या मधोमध जे पडत होतं ते पन्नासच. तेव्हा ते पुन:पुन्हा तेच विचारत राहिलं, न चिडता, न कंटाळता. भाव कमी न करणारी मासेवाली मी पाहिलेली आहे, पण तीही चौथ्यांदा विचारल्यावर निदान पुढचं गिऱ्हाईक बघते.

"आबा, तुम्ही आकडा बदललात!" मुलगा ओरडला.

"बदलला नाही. सरकला," आबा म्हणाले. "एवढा वेळ मासळी काय एका जागी थांबते?"

हे असं होणार असेल तर त्याची सोय प्रोग्रामात असली पाहिजे. खालचं टोक वरच्या टोकाच्या पुढे गेलं, तर थांबून काहीतरी बोलायला हवं. ही अट लिहायला मुलाला क्षणही लागला नाही. अडलं ते पुढच्या ओळीशी. यंत्रानं म्हणायचं काय? धड्यात दिलेलं वाक्य होतं ते सरळ 'तुम्ही खोटं बोलत आहात' अशा अर्थाचं. मुलानं ते लिहिलं, आबांकडे बघितलं आणि खोडलं. मग 'उत्तरं जुळत नाहीत' असं लिहिलं. ते बँकेतून आलेल्या पत्रासारखं वाटायला लागलं, तेही खोडलं. 'आबा, परत एकदा सांगाल का?' यावर तो जरा थांबला. पण आबांखेरीज दुसरं कुणी खेळलं तर? आतून त्याच्या आईनं "काही बोलू नको म्हणावं, गप्प बसायला शिकव त्याला," असा सल्ला दिला. मला काही सुचेना.

"लिही," आबाच म्हणाले, "वारा फिरलाय. परत टाका जाळं."

मुलानं ते लिहिलं. चालवून बघितलं. आबांनी पुन्हा आकडा सरकवला, यंत्र थबकलं, आणि पडद्यावर ते वाक्य उमटलं, कुणाला दोष न देता. मुलगा खूश होऊन आणखी एक ओळ घालायला लागला: एका डावात असा तीन वेळा वारा फिरला, तर खेळ थांबवायचा आणि आबा जिंकले असं जाहीर करून टाकायचं.

"तीन वेळा कशाला?" आबा म्हणाले. "एकदा पुरे."